जुन्या रोड सायकलची चाकं झिजली आहेत. नवी चाकं घ्यावीत की सायकलच बदलावी? सोलापुरात सोय होईल का?

सायकल बदलू नका. ब्रेक लागून लागून झिजते ती रिम, म्हणजे टायर बसतो ती धातूची कडी. ब्रेकच्या रबरासारखीच तीही खर्ची पडणारी वस्तू आहे, फक्त सावकाश. हब, म्हणजे चाकाच्या मधला तारा ओवलेला भाग, चांगला असेल तर त्याच हबवर नवी रिम आणि नव्या तारा बांधून घ्या. सोलापुरात हे काम होतं. दुकानदार "त्यापेक्षा नवीन घ्या की" म्हणाला असेल, तर त्याचं कारण सरळ आहे: चाक बांधायला त्याचा अर्धा दिवस मोडतो आणि नवी सायकल चहा संपायच्या आत विकली जाते.

तुमचा प्रश्न वाचला आणि मला आमचे साडू आठवले.

साडू पुण्याला असतात. पन्नाशीला टेकल्यावर त्यांना सायकलचा नाद लागला, आणि नाद लागल्याबरोबर ज्ञानही आलं. दरवर्षी गड्ड्याच्या यात्रेला सहकुटुंब सोलापूरला येतात. त्या वर्षी गाडीच्या मागे आपली कार्बनची सायकल लटकवून आले आणि आम्ही दोघं पहाटे तुळजापूरला निघालो. माझी सायकल स्टीलची, मागे सहा गिअरचं फ्रीव्हील (दातेरी चकत्यांचा गठ्ठा), गिअरच्या दांड्या फ्रेमच्या खालच्या नळीवर. येताना घाट उतरून खाली आलो, तर हे थांबले. माझ्या मागच्या रिमच्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "साडूभाऊ, रिम गेली. आता ही सायकल भंगारात घाला."

यातलं पहिलं वाक्य बरोबर होतं. घरी येऊन स्टीलची पट्टी रिमच्या कडेला आडवी टेकवली तर मधे उजेड दिसला, म्हणजे कड आत खोलगट झालेली. नव्या रिमची कड साधारण दीड मिलिमीटर जाड असते. ती एकाच्या खाली आली की तिच्यावर भरवसा ठेवू नये. आत ट्यूबमध्ये ऐंशी-नव्वद पौंड हवा असते, ती दोन्ही कडा सतत बाहेर ढकलते. वरून ब्रेक दाबला की रिम तापते, हवा आणखी फुगते, आणि एक दिवस कड उसवते. उतारावर उसवली तर काय होतं ते लिहीत बसत नाही. काही रिमांच्या कडेला बारीक खळगे किंवा गोल चर असते. ती खूण नाहीशी झाली की रिम संपली असं समजायचं. तुमच्या रिमवर खूण नसेल तर पट्टी लावून बघा.

आपल्याकडे पाऊस बेताचा, पण धूळ बेताची नाही. काळ्या रानातला चिखल वाळून उडतो, त्यातली कच ब्रेकच्या रबरात रुतते आणि रबर कानशीसारखं चालतं. रबर काढून बघा, अ‍ॅल्युमिनियमचे चमकते कण दिसतील. ते सुईने उकरून काढत जा. नवी रिम घातल्यावर जुनी रबरं ठेवू नका.

तर साडू. पुढच्या खेपेला ते पुण्याहून रेडीमेड चाकांचा जोड घेऊन आले. माझ्यासाठी, पैसे मी द्यायचे. दिसायला देखणी, मागे चोवीसच तारा, त्याही चपट्या. घरच्या अंगणातच बसवायला घेतली. मागचं चाक बसेना. माझ्या फ्रेमच्या मागच्या, चाक अडकतं त्या दोन पात्यांमधलं अंतर १२६ मिलिमीटर, चाकाचा हब १३०. साडूंनी दोन्ही हातांनी फ्रेम फाकवून चाक कोंबलं. मग लक्षात आलं की माझं फ्रीव्हील आट्यांवर फिरवून बसवायचं, आणि या हबवर कॅसेट लागते, म्हणजे आट्यांऐवजी सरकवून बसवायचा चकत्यांचा गठ्ठा. मग कॅसेट घ्या. हब अकरा गिअरचा, त्यावर आठ गिअरची कॅसेट बसवायची तर मागे १.८५ मिलिमीटरची चकती घाला. कॅसेट आली की चेनही बदला. आणि ब्रेकचं रबर रिमच्या चार मिलिमीटर वर, टायरला लागतंय. कारण माझी जुनी चाकं २७ इंची आणि ही ७००सी, म्हणजे हल्लीच्या जरा लहान मापाची. "हे सगळं एकदाच करायचंय हो," साडू म्हणाले. हा हिशेब त्यांनी पुण्यात केला नव्हता.

चोवीस तारांबद्दल माझं मत आधीही हेच होतं, आजही हेच आहे. छत्तीस तारांच्या चाकातली एक तुटली तर चाक जरा लहरतं, ब्रेक थोडा सैल करून माणूस घरी येतो. चोवीसच्या चाकात एक तुटली की रिम ब्रेकला घासायला लागते. अक्कलकोट रोडवर कुंभारीच्या पुढे तुम्हाला चपटी तार कोण देणार आहे? वजनाचं काय, असं साडू विचारतात. दोनेकशे ग्रॅम. तेवढी तर कडक भाकरी आणि शेंगाचटणी बरोबर असते.

मी म्हटलं, ही चाकं परत न्या, मी जुन्या हबवर रिम बांधून घेतो. साडूंना राग आला, पण दाखवला नाही. उलट मदतीलाच आले. म्हणाले, रिम तर फेकायचीच आहे, मी तारा तोडून हब मोकळा करून देतो, मिस्त्रीचं काम वाचेल. मी म्हटलं, आधी फ्रीव्हील काढू द्या. "ते नंतर निघतं हो," म्हणून यांनी पक्कड घेतली आणि मी आतून चहा घेऊन येईपर्यंत कटाकट सगळ्या तारा तोडून हब माझ्या हातात ठेवला.

हे तुम्ही करू नका, आणि कुणालाही करू देऊ नका. फ्रीव्हील हबवर उजव्या आट्याने बसतं आणि प्रत्येक पेडलबरोबर आणखी आवळत जातं. वर्षानुवर्षं चालवलेलं फ्रीव्हील काढायला रिमूव्हर पाना वायसमध्ये (शिकंज्यात) धरायचा, त्यावर चाक आडवं ठेवायचं आणि रिमला दोन्ही हातांनी धरून स्टिअरिंगसारखं फिरवायचं. तो सगळा जोर रिमच्या व्यासातून येतो. तारा तोडल्या की हातात उरतो मुठीएवढा गुळगुळीत हब, त्याला धरणार कुठे?

साखर पेठेत मी ज्या मिस्त्रींकडे जातो त्यांनी तो हब बघितला आणि आधी माझ्याकडे, मग साडूंकडे पाहिलं. "काय करालाव ओ सर! फ्रीव्हील आधी काढायचं की!" साडूंनी वायसमध्ये हबच धरायचं सुचवलं. मिस्त्रींनी उत्तर दिलं नाही. त्यांनी आमची तीच झिजकी रिम मागवली, गल्ल्यातल्या जुन्या तारा काढल्या आणि हबला रिम परत जोडली, आऊट (चाकाचं लहरणं) काढायच्या भानगडीत न पडता, नुसती ताणून. मग पाना वायसमध्ये, चाक वर, आणि आम्हा दोघांना म्हणाले, धरा. कचकन आवाज होऊन आटा सुटला. घरी आल्यावर बायको म्हणाली, दाजींना काही बोलू नका. मी बोललो नाही. म्हणून इथे लिहितोय.

आता तुमच्या कामाचं. दुकानात गेल्यावर "अठ्ठावीसची रिम" मागू नका. आपल्या दुधवाल्यांच्या डबलबार सायकलची २८ × १½ रिम, टायर बसतो तिथला व्यास धरून, ६३५ मिलिमीटरची असते. जुन्या रेसर सायकलींची २७ इंची म्हणजे ६३०. हल्लीची ७००सी म्हणजे ६२२, आणि तिलाही पुष्कळ जण अठ्ठावीसच म्हणतात. एकीचा टायर दुसरीला बसत नाही. टायरच्या अंगावर २५-६२२ किंवा ३२-६३० असा आकडा छापलेला असतो, तो बघा आणि तोच सांगा. तुमची ६३० असेल तर माझं म्हणणं, ६२२ वर या. २७ इंची टायर शोधत फिरण्यात आयुष्य जातं, ६२२ चे टायर कुठेही मिळतात. फक्त ब्रेकचं रबर चार मिलिमीटर खाली उतरायला खाचेत जागा आहे का, ते रिम विकत घेण्याआधी बघून घ्या. माझ्या ब्रेकला होती.

रिम डबल वॉल अ‍ॅल्युमिनियमची घ्या. भोकं हबला असतील तेवढीच, छत्तीसला छत्तीस. तारा स्टेनलेसच्या, चौदा गेजच्या, सगळ्या नव्या. जुन्या तारा हबच्या वाकाशी थकलेल्या असतात आणि मागच्या चाकात फ्रीव्हीलच्या बाजूने एकेक करून तुटतात. मागच्या चाकाच्या दोन बाजूंना तारांची लांबी दोनेक मिलिमीटरने वेगळी लागते, कारण फ्रीव्हीलला जागा द्यायला तिकडच्या तारा जास्त उभ्या असतात आणि त्यांचा ताणही जास्त असतो. मिस्त्री दोन्हीकडे एकच माप घालत असेल तर दुसरा मिस्त्री बघा. बांधून झाल्यावर त्याने दोन-दोन तारा मुठीत धरून दाबल्या पाहिजेत. नाहीतर पहिल्याच फेरीत टिंगटिंग वाजत तारा आपापल्या जागी बसतील आणि आऊट परत येईल. तरीही आठ-पंधरा दिवसांनी एकदा दाखवाच.

भाव सांगत नाही. मी दिला तो आज कुणी घेणार नाही.

साडूंचं म्हणणं अजूनही असं आहे की मी पैसे वाचवले आणि मजा घालवली. गेल्या लग्नात पंगतीला बसल्यावर परत तोच विषय. ते चाक अजून फिरतंय. अक्कलकोट, पंढरपूर, हिप्परग्याचा तलाव, बाभळीचे काटे, उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेला रस्ता, सगळं त्याच हबवर. त्यांच्या कार्बनच्या सायकलचं मागचं चाक मध्यंतरी कंपनीकडे गेलं होतं, हे मी पंगतीत काढलं नाही.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. हब चांगला असेल तरच हे सगळं. चाक काढून एक्सल बोटांनी फिरवा. वाळू अडकल्यासारखं खरखरलं तर उघडा. छर्रे आणि कोन (एक्सलवरचे, छर्रे दाबून धरणारे नट) बदलता येतात, मागे पाव इंची छर्रे लागतात, पुढे बहुतेक ३/१६. पण हबच्या आतल्या वाटीला खड्डे पडले असतील तर तो हब संपला, मग त्यावर रिम बांधण्यात अर्थ नाही. अशा वेळी १३० चा तयार जोड घ्या, माझी हरकत नाही, पण बत्तीसच्या खाली तारा नकोत. आणि १२६ ची फ्रेम १३० ला वाकवता येते, दोन्हीकडे दोन-दोन मिलिमीटर, मात्र ती स्टीलची असेल तरच आणि माहीतगार माणसाकडूनच, कारण नंतर मागची दोन्ही पाती परत समांतर करावी लागतात. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमला असा हात लावू नका, ती तडकते.

तुमची कशाची आहे ते प्रश्नात लिहिलेलं नाही. फ्रिजवरचा चुंबक काढून फ्रेमला लावून बघा आणि मागच्या पात्यांमधलं अंतर मोजून खाली लिहा, मग कुठला हब शोधायचा ते सांगतो.