जुनं शामिसेन (तीन तारांचं जपानी वाद्य) घेतलंस? आधी दांडी बघ
पेटीवरचं कातडं फाटलंय म्हणून हिरमुसू नकोस, म्हणून तर ते स्वस्तात मिळालं. दांडी बहुतेक तीन तुकड्यांत सुटते. ती जोडून डोळ्यासमोर आडवी धर. वाक नसेल आणि सांधा नखाला अडकत नसेल, तर वाद्य वाचलं. तारांखाली पडलेले खळगे मात्र कारागिराकडूनच घासून घे, तिथे काटकसर नको.

फाटकं कातडं काढताना सुरी लावू नकोस. मी लावली होती, कडेचं लाकूड उडालं. कातडं तांदळाच्या खळीने चिकटवलेलं असतं. ओलं फडकं ठेवलं की हळूहळू सुटतं. नवीन म्हणून कृत्रिम कातडं चढवून घे, दमट हवेत ते बिनघोर राहतं. रेशमी तारांऐवजी नायलॉनच्या चालतील. खुंटी घसरली तर थोडी खडूची पूड. वाजवून झालं की घोडी (कातड्यावर तारा पेलणारा छोटा तुकडा) काढून ठेव.