रेण्वीय जीवशास्त्राच्या कामासाठी ट्रिस बेस घेताना काय पाहावे?

ट्रिस हा द्रावणाचा पीएच स्थिर ठेवण्यासाठी वापरला जाणारा पांढरा, स्फटिकरूप, पाण्यात सहज विरघळणारा आम्लारी पदार्थ (बेस) असून त्याचा रेणुभार 121.14 आहे आणि 25 अंश सेल्सिअसला त्याचा पीकेए (ज्या पीएचभोवती तो द्रावण सर्वात चांगले स्थिर ठेवतो तो आकडा) सुमारे 8.1 असल्यामुळे तो साधारण 7 ते 9 पीएचच्या पट्ट्यातच उपयोगी पडतो. तापमानाकडे मात्र कटाक्षाने लक्ष द्यावे, कारण दर अंशामागे पीएच सुमारे 0.03 ने बदलतो, खोलीत 8.0 वर जुळवलेले द्रावण शीतकक्षात 8.6 च्या आसपास जाते.

आरएनएच्या कामासाठी डीएनेझ-आरनेझमुक्त (डीएनए व आरएनए तोडणारी विकरे नसलेली) म्हणून तपासलेली, 99.9 टक्के शुद्धतेची बाटलीच घ्यावी, कारण ट्रिसमधील अमाइन गट डीईपीसीशी (आरनेझ निष्क्रिय करणाऱ्या रसायनाशी) अभिक्रिया करत असल्याने नंतर ट्रिसच्या द्रावणावर डीईपीसीची प्रक्रिया करता येत नाही. बाटलीसोबतचे विश्लेषण प्रमाणपत्र बॅच क्रमांकाशी ताडून पाहावे. साठवण कोरड्या जागी, घट्ट झाकणात, सामान्य तापमानाला पुरते.