आईची भीती, सरांची शंका आणि नेफ

चि. विद्यार्थिनीस,

बार्शीहून पाठवलेलं पत्र मिळालं. बीएस्सी मायक्रोबायोलॉजीचं दुसरं वर्ष, एचआयव्हीची प्रथिनं प्रतिकारशक्तीला कशी चकवतात यावर सेमिनार दिलास, आता त्यातच काम करायचंय. आई म्हणते, "तो रोग घरात आणशील." सर म्हणतात, "गोळ्या निघाल्यात, आता संशोधनाला उरलंय काय?"

आधी सरांचं. गोळ्यांनी लाखो माणसं जगवली, पण बहुतेक गोळ्या विषाणूच्या एन्झाइम्सना रोखतात, आणि त्या जन्मभर घ्याव्या लागतात, कारण काही पेशींत विषाणू निपचित दडून राहतो. तुझ्या सेमिनारमधलं नेफ हे एचआयव्हीचं प्रथिनच बघ. संसर्ग झालेली पेशी आपल्या पृष्ठभागावरच्या एमएचसी-१ रेणूंवर विषाणूचे तुकडे बाहेर मांडते. ते ओळखून प्रतिकारशक्तीची टी-पेशी तिला मारते. नेफ हे रेणूच आत ओढून घेतं. सगळे ओढले तर हे रेणू नसलेल्या पेशींना मारणाऱ्या एनके पेशींना संशय येईल, म्हणून नेफ या रेणूंचे ए आणि बी प्रकार काढतं, सी सोडतं. इतकी वर्षं मुलांना हे सांगतोय, तरी दर वेळी थक्क व्हायला होतं! विफ हे विषाणूचं दुसरं प्रथिन तर आपल्या पेशीतलं विषाणूविरोधी अपोबेक-३जी प्रथिन नष्ट करवतं. या दोघांवर मंजूर औषध अजून एकही नाही. मात्र एन्झाइम नसलेल्या कॅप्सिडवरचं, म्हणजे विषाणूच्या आतल्या प्रथिन-कवचावरचं, लेनाकॅपाविर हे औषध २०२२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. सहा महिन्यांतून एकदा टोचायचं. तेव्हा सरांना सांग, पुष्कळ उरलंय.

आईला सांग, नेफवरचं बरंचसं काम जिवंत विषाणूशिवाय होतं. फक्त नेफचं जनुक प्लाझ्मिडमध्ये, म्हणजे डीएनएच्या छोट्या गोल कड्यात, घालून पेशींत सोडतात. जिवंत विषाणू हाताळायला वेगळी बंदिस्त लॅब आणि आधी प्रशिक्षण लागतं.

तिसऱ्या वर्षी एमएस्सीसाठी आयआयटी-जॅम आणि गॅट-बी या दोन्ही प्रवेश परीक्षा दे, पुढे पीएचडीच्या शिष्यवृत्तीसाठी नेट-जेआरएफ. त्यात सध्या महिना ३७,००० रुपये मिळतात. पीएचडीला पाच-सहा वर्षं जातात, हे घरी आत्ताच बोलून ठेव.

पण नुसत्या सेमिनारवरून ठरवू नकोस. उन्हाळ्यात दोन महिने एखाद्या लॅबमध्ये पिपेट धर. वेस्टर्न ब्लॉटची (प्रथिन ओळखायच्या चाचणीची) पट्टी तीनदा आली नाही, तरी चौथ्यांदा करावंसं वाटतं का, बघ. पुण्यात एनसीसीएस ही पेशीविज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे, भोसरीला एड्स संशोधन संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांना मेल करताना "मला या विषयाची आवड आहे" लिहू नकोस, तसल्या मेलांचा ढीग पडलेला असतो. त्यांचा एक पेपर वाच आणि त्यातलं न कळलेलं एकच विचार.