ओटा गेला, पार्किंग आलं

प्रश्न : सदाशिव पेठेतला आमचा वाडा पाडून तिथे इमारत होते आहे. मुलगा म्हणतो, वाळवी लागलेल्या लाकडासाठी कसला गळा काढता? पेठेचं पेठपण नेमकं असतं तरी कशात? – एक वाचक, पुणे 30

उत्तर : मुलाचं निम्मं बरोबर आहे. मी नारायण पेठेतल्या भाडेकरूचा मुलगा. दोन खोल्यांचं भाडं महिना साडेअकरा रुपये, आणि पावसाळ्यात माजघरात गळतीखाली तीन पातेली. मालकाच्या नावाने खडे फोडताना आमच्या वडिलांना कधी प्रश्न पडला नाही, की साडेअकरा रुपयांत त्याने कौलं शाकारायची कशी! 1947च्या कायद्याने जुनी भाडी सप्टेंबर 1940च्या पातळीवर गोठवली. 1999च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली; साडेअकरावर ती होते शेहेचाळीस पैसे. वाड्यांना वाळवीने खाल्लं त्याहून जास्त या हिशेबाने खाल्लं.

पण पेठपण लाकडात नव्हतंच. तुमची पेठ पूर्वी नायगाव होती, बुधवार मुहियाबाद, रविवार मलकापूर. नावं बदलली, शनिवारवाडा 1828 साली जळला, तरी गल्ल्यांची वळणं बरीचशी तीच राहिली. रस्त्याकडे तोंड अरुंद, आत लांबच लांब जागा. भिंतीला भिंत, आणि ओटा थेट रस्त्यावर. आमच्या ओट्यावर सकाळी पेपरांच्या घड्या पडत, दुपारी बोहारीण टोपली उतरवी, रात्री कॅरम. आता तिथे खांब आणि त्यांच्यामध्ये गाड्या. रस्त्याशी बोलायला खाली कुणी उरलेलं नाही. माझा राग आहे तो यावर, मजल्यांवर नाही.

तेव्हा आर्किटेक्टशी भांडायचंच असेल तर नक्षीदार खांबांसाठी भांडू नका. दर्शनी बाजूला दोन दुकानं आणि बसता येईल असा ओटा मागा; गाड्या मागे जाऊ देत. आणि पाडकाम सुरू होण्याआधी चौकातल्या फरश्यांखाली काय आहे ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. 1750च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून नळाने पाणी आणलं, ते पेठांतल्या हौदांत खेळायचं. तुमच्याकडेही एखादा हौद बुजलेला असला, तर निदान मापं आणि फोटो घेऊन ठेवा.

आमचा हौद एका दुपारीत राडारोड्याने भरला. मी बिल्डरने दिलेला चहा पीत बाजूलाच उभा होतो.