मिथक, मिथ्या आणि ‘माझा अभिमन्यू झाला’

एका शिक्षिकेने विचारले आहे: ‘मिथक हा शब्द मिथ्या या शब्दावरून आला का? तसे असेल तर पुराणकथांना मिथके म्हणताना आपण त्या खोट्या आहेत असे आधीच ठरवून टाकत नाही का? आणि आर्किटाइपसाठी, म्हणजे कथांमागे पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या मनातल्या मूळ साच्यासाठी, आदिबंध म्हणावे की आद्यप्रतिमा?’ शेवटी त्यांनी एक ओळ जोडली आहे: ‘या कथांचा आजच्या जगण्याशी खरेच काही संबंध उरलाय, की नुसते शब्द उरलेत?’ शब्दांची व्युत्पत्ती सांगून थांबता आले असते, पण ही शेवटची ओळच मला महत्त्वाची वाटते. उत्तर त्यामुळे थोडे लांबणार आहे.

आधी मिथ्या. हा शब्द संस्कृतातल्या ‘मिथ्’ या धातूच्या कुळातला. मिथः म्हणजे परस्पर, एकमेकांत. मिथुन म्हणजे जोडी. त्याच घरातला मिथ्या. अदलाबदल, मग उलटसुलट, मग चुकीचे आणि शेवटी खोटे, असा त्याच्या अर्थाचा प्रवास दिसतो. मिथ हा इंग्रजी शब्द ग्रीक ‘म्यूथॉस’वरून आला आहे. प्राचीन ग्रीक कवी होमरच्या काव्यात म्यूथॉस म्हणजे उच्चारलेले वचन, बोलणे. खरे-खोटेपणाचा तिथे प्रश्नच नाही. पुढे ‘लोगॉस’ म्हणजे तर्काने केलेली मांडणी, आणि तिच्यासमोर म्यूथॉस म्हणजे नुसती सांगितलेली गोष्ट, अशी जोडी लावली गेली आणि म्यूथॉसची पत उतरली. संस्कृतातल्या ‘मि’ला ग्रीकमधला ‘म्यू’ हा जोडीदार ध्वनिनियमांनी मिळत नाही. म्हणजे मिथ्या आणि मिथ हे नातेवाईक नाहीत, फक्त एकमेकांसारखे दिसतात.

मग मिथक कुठून आला? तो हिंदी समीक्षेतून आपल्याकडे आला. हिंदीत असे शब्द घडवण्याची एक पद्धतच आहे: परभाषेतल्या शब्दाचा ध्वनी धरायचा आणि त्याला संस्कृत वळण द्यायचे. ट्रॅजेडीची ‘त्रासदी’, कॉमेडीची ‘कामदी’, टेक्निकचे ‘तकनीक’. मिथक त्याच पंगतीतला. पण त्रासदी ऐकताना त्रास ऐकू येतो, तसेच मिथक ऐकताना मिथ्या ऐकू येते, आणि तुमची शंका तिथूनच उगवली आहे. मराठीत काही जणांनी ‘मिथ्यकथा’ हा शब्दही वापरला. तो मला अजिबात पसंत नाही, कारण त्यात निकाल आधी आणि कथा नंतर. ‘प्राक्कथा’ हा शब्द चांगला आहे, पण तो अभ्यासकांपलीकडे रुळला नाही.

वर्तमानपत्रांत ‘मधुमेह : मिथक आणि वस्तुस्थिती’ अशी शीर्षके दिसतात. तिथे मिथक म्हणजे गैरसमज. गैरसमज हा नेमका आणि प्रत्येकाला कळणारा शब्द हाताशी असताना तिथे मिथकाला राबवू नये. एकच शब्द एका पानावर अफवेसाठी आणि दुसऱ्या पानावर समुद्रमंथनासाठी आला, तर वाचणाऱ्याच्या मनात समुद्रमंथनही अफवांच्या रांगेत जाऊन बसते.

खोट्या, निरर्थक गोष्टीसाठी मराठीत आधीपासून एक फार सुंदर शब्द आहे, भाकडकथा. भाकड म्हणजे दूध न देणारे जनावर. ज्या गोष्टीतून काही हाती लागत नाही ती भाकड. गोष्ट घडली की नाही, हे हा शब्द विचारतच नाही. ती दूध देते का, एवढेच विचारतो. या कसोटीवर एखादी तारीखवार खरी घटनासुद्धा भाकड ठरू शकते आणि कधीच न घडलेली गोष्ट दुभती असू शकते. पुराण या शब्दाची यास्काने ‘निरुक्त’ या शब्दव्युत्पत्तीच्या प्राचीन ग्रंथात दिलेली फोडही याच दिशेची आहे: ‘पुरा नवं भवति’. जे पूर्वी नवे होते ते. जुन्या वस्तूची ओळख तिच्या जुनेपणावरून न करता तिच्या एकेकाळच्या नवेपणावरून करावी, हे मला विलक्षण वाटते.

आता आदिबंध की आद्यप्रतिमा. इथे युंगचा स्वतःचा शब्दप्रवास उपयोगी पडतो. स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग (१८७५-१९६१) सुरुवातीला ‘आदिम प्रतिमा’ असाच शब्द वापरत असे. तो त्याने इतिहासकार याकोब बुर्कहार्टकडून घेतला होता. १९१९ मध्ये त्याने आर्किटाइप हा शब्द वापरायला सुरुवात केली. त्यातला ग्रीक ‘आर्खे’ म्हणजे आरंभ आणि ‘त्यूपॉस’ म्हणजे ठसा. पुढे तो आग्रहाने सांगू लागला की आर्किटाइप म्हणजे चित्र नव्हे. त्याने स्फटिकाचा दाखला दिला. द्रावणात स्फटिक अजून तयार झालेला नसतो, पण तो कोणत्या अक्षांवर तयार होणार हे ठरलेले असते. त्या अक्षांना स्वतःचे द्रव्य नसते. आर्किटाइप म्हणजे ते अक्ष, आणि प्रतिमा म्हणजे त्यावर प्रत्यक्ष जमलेला स्फटिक. म्हणून माझे मत स्पष्टपणे ‘आदिबंध’ या शब्दाला. बंध म्हणजे बांधणी. आद्यप्रतिमा म्हटले की चित्र आधी येते आणि युंगने जो फरक कष्टाने केला तो पुसला जातो.

एक उदाहरण घेतो, कारण यात बंध आणि प्रतिमा अगदी वेगळ्या काढून दाखवता येतात. ग्रीक अकिलीसला त्याच्या आईने स्टिक्स नदीच्या पाण्यात बुडवले आणि तो अभेद्य झाला, फक्त टाच सोडून. जर्मन वीरगाथेतला जिगफ्रीड ड्रॅगनच्या रक्तात न्हाला, पण पाठीवर लिंडन झाडाचे एक पान पडले होते, तेवढी जागा कोवळी राहिली. इराणी वीरगाथेतल्या इस्फंदियारचे डोळे तेवढे भेद्य होते. आणि आपल्याकडे दुर्योधनाची मांडी. टाच, पाठ, डोळे, मांडी या चार प्रतिमा. ‘सर्वांगाने अभेद्य, एका जागी कोवळा’ हा त्यांच्यामागचा बंध एकच.

यातली दुर्योधनाची गोष्ट विशेष आहे. महाभारतात त्याची मांडी फुटते ती भीमाच्या प्रतिज्ञेमुळे. भर सभेत द्रौपदीला मांडी दाखवण्याचे ते फळ. गांधारीने डोळ्यांवरची पट्टी सोडून त्याचे शरीर वज्राचे केले आणि त्याने लाजेने झाकलेला भाग तेवढा कच्चा राहिला, ही कथा नंतर लोकांनी रचली. का रचली? मला वाटते, बंध तयार होता आणि त्यात भरायला काहीतरी हवे होते. मांडी फुटलीच आहे, तर ती कच्ची का राहिली याची गोष्ट लोकांनी स्वतः पुरवली.

या कथा शेजारी शेजारी ठेवल्या की आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती मला दरवेळी हलवते. अकिलीसची टाच कोरडी का राहिली? आईने तिथेच धरले होते म्हणून. जिगफ्रीडच्या कोवळ्या जागेवर कपड्यावरून खूण शिवली ती त्याच्या बायकोने, कुणीतरी त्या जागेचे रक्षण करावे म्हणून; आणि त्याच खुणेवर भाला बसला. मर्म राहते ते बहुधा जपणाऱ्याच्या हाताखाली. मुलांना वाढवणाऱ्या कुणालाही हे वाचून आपल्या बोटांचे ठसे आठवावेत. ‘अकिलीसची टाच म्हणजे दुबळी बाजू’ एवढ्या अर्थावर थांबलो तर हे हाती लागत नाही.

तुमच्या शेवटच्या ओळीचे उत्तर मी इथेच शोधतो. मराठीने पुराणातली माणसे शब्दकोशात आणून बसवली: कळीचा नारद, कुंभकर्णी झोप, भगीरथ प्रयत्न, भीष्मप्रतिज्ञा, त्रिशंकू अवस्था. प्रत्येक शब्दाने कथेचा एकच काप घेतला. कुंभकर्णाची झोप घेतली. रावणाची चूक त्याला तोंडावर सांगणारा आणि तरीही त्याच्यासाठी मरायला गेलेला भाऊ मागे राहिला. भीष्माचा निर्धार घेतला, त्या निर्धाराची इतरांनी मोजलेली किंमत घेतली नाही. कधी उलटही होते, मूळ कथेत नसलेले भाषेत पक्के होते. लक्ष्मणरेषा वाल्मीकींच्या रामायणात नाही, आणि तरी मर्यादेसाठी तिच्याइतका लख्ख शब्द आपल्याकडे दुसरा नाही.

काही वेळा मात्र एकच काप सगळ्या कथेला पुरून उरतो. ‘यादवी’ हा तसा शब्द. कुरुक्षेत्रानंतर ३६ वर्षांनी यादवांनी आपापसांत लढून एकमेकांना संपवले, त्यावरून हा शब्द आला. आपण अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५ च्या युद्धालाही यादवी युद्ध म्हणतो. इंग्रजी शब्दात फक्त ‘नागरिकांमधले युद्ध’ एवढेच आहे. मराठी शब्दात मोठ्या युद्धातून वाचलेले, नात्यातले लोक आहेत, आणि जिंकलेल्यांनीच नंतर स्वतःचा केलेला नाश आहे. भाषांतर करताना कुणीतरी हा शब्द निवडला आणि एका परक्या देशाच्या इतिहासावर अर्थाचा एक पूर्ण थर चढला.

व्याकरणाकडेही पाहा. ‘मी अभिमन्यूसारखा अडकलो’ असे फारसे कुणी म्हणत नाही; ‘माझा अभिमन्यू झाला’ असे म्हणतो. उपमेचा ‘सारखा’ गळून पडतो. शिवाय तिथे षष्ठी येते: माझा. म्हणजे अभिमन्यू ही एक रिकामी जागा आहे आणि ती ज्याच्या वाट्याला येईल त्याची होते. ‘माझा त्रिशंकू झाला’, ‘त्याचा कुंभकर्ण झालाय’. आदिबंध म्हणजे काय हे समजावताना युंगच्या स्फटिकाऐवजी मी यापुढे ही षष्ठी दाखवीन.

या वाक्यरचनेचा मला स्वतःला आलेला अनुभव सांगतो. आईचे शेवटचे आजारपण दीड वर्ष चालले. तिला माझ्याकडे आणायचे ठरले तेव्हा भावंडे म्हणाली होती, तू पुढे हो, आम्ही आहोतच मागे. मग एकेकाचे येणे लांबत गेले. त्या काळात कुणी विचारले की मी म्हणे, माझा अभिमन्यू झालाय. म्हणताना अर्थ तोच असे जो सगळे जण घेतात: आत शिरायचे कसे ते माहीत होते, बाहेर पडायचे माहीत नव्हते, म्हणजे दोष माझ्या अर्धवट ज्ञानाचा. शब्दाने आधार दिला हे खरे. जे चालले होते त्याला नाव मिळाले, आणि या जागेत माझ्याआधी कुणीतरी उभे राहून गेले आहे हे कळले. पण तो शब्द मला रोज थोडा दोषही देत होता.

आई गेल्यानंतर द्रोणपर्वातला तो भाग नीट वाचला. तिथे सुभद्रेला पेंग येण्याची गोष्ट नाही. अभिमन्यू स्वतःच आधी सांगतो की व्यूह भेदण्याची युक्ती वडिलांनी शिकवली आहे, संकट आले तर बाहेर पडता येणार नाही. तो काही लपवत नाही. त्यावर युधिष्ठिर म्हणतो, तू आम्हाला दार करून दे, तू जाशील तिथे आम्ही मागोमाग येतो. भीमही तेच म्हणतो. बेत एकट्याने जाण्याचा नव्हताच. अभिमन्यू दार करून देतो, आणि मागून येणाऱ्या चौघा पांडवांना जयद्रथ दारातच अडवतो. अर्जुन सोडून बाकीच्या पांडवांना रोखण्याचा वर त्याला शंकराकडून मिळालेला असतो. पांडव मागे फिरलेले नसतात. ते दाराबाहेर लढत असतात आणि आतल्याला ते दिसत नसते.

‘अभिमन्यू झाला’ या वाक्प्रचारात जयद्रथ नाही. आपण घेतलेल्या कापात तो आलाच नाही. त्यामुळे आत अडकलेला माणूस एक तर स्वतःच्या अज्ञानाला दोष देतो, नाही तर मागे राहिलेल्यांना. दारात कोण उभे होते, हे विचारायचे त्याला सुचत नाही.

पुस्तक मिटले आणि थोरल्या भावाला फोन लावला. त्या दीड वर्षाबद्दल आम्ही तोपर्यंत एकदाही बोललो नव्हतो. मी त्याला विचारले, तुला तेव्हा कुणी अडवले होते? तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग सांगू लागला.