शाळेतील प्रार्थनेला पालकांची संमती लागते का?

प्रश्न : माझी मुलगी बेळगाव शहरात ख्रिस्ती संस्थेच्या एका अनुदानित हायस्कुलात आठवीत शिकते. आमचे घर वारकरी आहे. शाळा अल्पसंख्याकांची असल्याने चर्चमधील प्रार्थनेला सर्व मुलींनी बसलेच पाहिजे, असे तेथे सांगितले जाते. हे कायद्याला धरून आहे का? उलट खानापूर तालुक्यातील आमच्या गावच्या सरकारी मराठी शाळेत दसऱ्याला सरस्वतीपूजन होते, त्याला एका मुस्लिम पालकाने हरकत घेतली आहे. ती तर परंपरा आहे. त्यात धर्म कुठे आला?
— एक पालक, बेळगाव

उत्तर : आपल्या दोन्ही प्रश्नांचा संबंध राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदाशी आहे, आणि पहिले उत्तर आपल्याला जितके रुचेल तितके दुसरे रुचेलच असे नाही. मातृभाषेतील शिक्षणासाठी सीमाभागातील मराठी माणूस अनुच्छेद ३० आणि ३५०-क यांचा दाखला नेहमी देतो. जवळचाच २८ वा मात्र क्वचितच उघडून पाहिला जातो.

हा अनुच्छेद शाळेचा खर्च कोण करते, हे आधी पाहतो. संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. सरकारमान्य किंवा अनुदानित खाजगी शाळेत ते देता येते. परंतु विद्यार्थ्याने स्वतः, आणि तो अल्पवयीन असेल तर त्याच्या पालकाने, संमती दिली नसेल, तर त्या शिक्षणात भाग घेण्याची किंवा शाळेच्या आवारातील उपासनेला हजर राहण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. तेव्हा प्रवेशअर्जावर सही करताना आपण अशी संमती दिली होती का, हे प्रथम तपासावे. अनुच्छेद ३० ने त्या संस्थेला शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे, आणि त्याच हक्कावर कर्नाटकात मराठी संस्थाही भाषिक अल्पसंख्याक म्हणून आपल्या शाळा चालवू शकतात. पण त्यामुळे २८ व्या अनुच्छेदातील संमतीची अट सुटत नाही. मूल्यशिक्षणाच्या तासाला निरनिराळ्या धर्मांची माहिती दिली जात असेल, तर तेथे मात्र हरकत टिकणे कठीण आहे, कारण धर्मांविषयी शिकवणे आणि धर्माचे शिक्षण देणे यांतील फरक सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये मान्य केला आहे.

आता गावच्या शाळेविषयी. सरस्वतीपूजन ही परंपरा आहे, हे खरेच. पण चर्चमधील प्रार्थना हा केवळ शिस्तीचा भाग आहे, असे उत्तर शाळेने दिले तर ते आपल्याला पटेल का? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये सरकारी शाळांसाठी अधिकृत मंडळाने रचलेली प्रार्थना, ती ऐच्छिक असूनही, घटनाबाह्य ठरवली. आपल्याकडे राज्य आणि धर्म यांच्यात इतकी पक्की भिंत नाही. केंद्रीय विद्यालयांतील ‘असतो मा सद्गमय’ या प्रार्थनेचा वाद २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्यीय पीठाने घटनापीठाकडे नेण्याजोगा मानला, यावरूनच प्रश्न किती नाजूक आहे ते कळते. त्यामुळे शाळेतील प्रत्येक पूजा बेकायदेशीर आहे, असे मी म्हणणार नाही. मात्र त्या पालकाच्या मुलाला आरतीला उभे करणे किंवा पूजेची वर्गणी सक्तीने घेणे मला अनुच्छेद २५ मधील सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्याशी विसंगत वाटते. केरळमधील तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण श्रद्धेमुळे ते गात नसत. त्यांना शाळेतून काढणे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये चुकीचे ठरवले. जेथे राष्ट्रगीत गाण्याचीही सक्ती न्यायालयाने मान्य केली नाही, तेथे आरतीच्या सक्तीचे समर्थन कसे करणार?

मुख्याध्यापिकांना आपली असंमती लेखी कळवावी, पत्राची पोच घ्यावी आणि प्रार्थनेच्या वेळी मुलीला वाचनालयात बसू द्यावे, अशी विनंती करावी. दाद मिळाली नाही तर बीईओ (गटशिक्षणाधिकारी) कार्यालयात अर्ज देता येईल. गावच्या शाळेचा प्रश्न एसडीएमसीच्या (शाळा विकास व देखरेख समितीच्या) बैठकीत मांडावा, आणि त्या बैठकीला हरकत घेणाऱ्या पालकालाही आवर्जून बोलवावे.