फ्रेंच चित्रकार पिएर बोनारच्या पॅरिसच्या रस्त्यांच्या छापचित्रांत रंग इतके कमी, तरी वर्दळ खरी कशी वाटते? लिनोवर (कोरून छापायच्या मऊ लिनोलियमवर) तसं करून बघायचं तर सुरुवात कुठून करावी?

वर्दळ खरी वाटते ती कोऱ्या सोडलेल्या कागदामुळे. त्याचा चार पानांचा घडीचा पडदा बघा. वरच्या कडेला घोडागाड्यांची रांग, तिच्याखाली लांब झगे घातलेल्या तीन आया, पुढे एक बाई, काठीने कडं पळवणारी मुलं आणि एक कुत्रा. बाकी सगळा कोरा कागद, आणि तोच प्लास द ला काँकोर्द हा भलामोठा चौक! जमिनीची एक रेघसुद्धा नाही. गाड्या वर आणि लहान, आया खाली आणि मोठ्या, एवढ्यावर डोळा मधलं अंतर भरून काढतो. ही युक्ती जपानी छापचित्रांची. 1890 मध्ये पॅरिसला त्यांचं मोठं प्रदर्शन झालं होतं आणि बोनार त्यांच्या इतका नादी लागला की मित्र त्याला जपानी वळणाचा नबी म्हणत (नबी हे त्यांच्या चित्रकार-गटाचं नाव).

हा पडदा पाच रंगांत छापलेला आहे. 1899 साली व्होलार या चित्रविक्रेत्याने काढलेला पॅरिसवरचा संच (मुखपृष्ठ आणि 12 चित्रं, छपाई ओग्युस्त क्लोची) हासुद्धा रंगीत लिथोग्राफचाच. लिथोत प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागतो. दगडावर तेलकट खडूने किंवा शाईने काढायचं, डिंक आणि सौम्य आम्लाने तो पक्का करायचा, मग दगड ओला ठेवून रूळ फिरवायचा. कोऱ्या जागी पाणी राहतं, शाई फक्त तेलकट जागी बसते. रंग वाढला की दगड वाढतो आणि जुळणी चुकण्याची शक्यताही वाढते. त्याच दशकात राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईत सुरू झाला. तिथे गालावरची छटा बारीक ठिपक्यांनी, अनेक दगडांवरून चढवली जाई. जुळणी मिलिमीटरभर हलली की चेहरा बिघडलाच. बोनारच्या बाईचा झगा म्हणजे एक सपाट डाग, त्याला बाह्यरेषेचं कुंपण नाही. तो थोडा सरकला तरी चालतो, उलट कडेला उरलेल्या फटीमुळे बाई चालत असल्यासारखी वाटते.

लिनोसाठी तीन ठोकळे पुरेत: फिकट पिवळा, विटकरी, काळपट तपकिरी. कागद पांढरा नको, बदामी घ्या, म्हणजे रस्ता आयता मिळतो. खिडकीतून पंधरा मिनिटं पेन्सिलने भराभर टिपून घ्या, पण चित्र दुसऱ्या दिवशी आठवणीतून काढा. बोनारही छोट्या टिपणांवरून, आठवणीनेच रंगवायचा. समोर बसून काढलं की खिडक्या, पाट्या, तारा सगळंच येतं आणि कोरी जागा संपते.

तिन्ही रंग तीन ट्रेसिंग कागदांवर वेगळे करा. ट्रेसिंग उलटं करून ठोकळ्यावर उतरवा, नाहीतर दुकानाची पाटी आरशातली छापली जाईल. पुठ्ठ्यावर काटकोनी पट्टी चिकटवून प्रत्येक ठोकळा त्याच कोपऱ्यात बसवा, आणि कागदाच्या कडांसाठीही पक्क्या खुणा करा. कागद कोराच, कोरडाच घ्या, कारण ओला केला की ताणला जातो आणि पुढचा रंग बसत नाही. छपाई फिकटाकडून गडदाकडे. तेलाची शाई असेल तर दोन रंगांमध्ये निदान एक दिवस जाऊ द्या. रूळ फिरवताना चिकट, जोरात चरचर आवाज आला तर शाई जास्त झाली आहे, बारीक कोरलेलं बुजेल.

नवशिक्यांचं चित्र बहुतेकदा फसतं ते चेहऱ्यांपाशी. डोळे-नाक कोरू नका. टोपीचा कोन, पाठीचा बाक, दोन पावलांतलं अंतर एवढं पुरतं. आणि एक-दोन माणसं कडेला निम्मी कापा, अगदी खांद्यापासून. रस्त्यात माणसं अशीच दिसतात, आपली नजर पोचेपर्यंत ती पुढे गेलेली असतात.